दोनच सीट राहिल्यात म्हणे! अ‍ॅडमिशनवाल्या सर-मॅडमना एका कंडक्टरचं पत्र

सर, मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. माझं मात्र तुम्हाला माहीत आहे, माझ्या पोरीचं पण, तिचा ग्रुप पीसीएम, ज्युनियर कॉलेज कुठलं, दहावीला किती पडले, सगळं. तेव्हा ओळख एका बाजूनं झालेलीच आहे, दुसऱ्या बाजूनं मी करून देतो. मी एसटीत कंडक्टर, सातारा जिल्ह्यात, 21 वर्षं सर्व्हिस झाली. पोरीनं यंदा बारावी सायन्स दिली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी परीक्षा दिली. हे पत्र खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या अ‍ॅडमिशन सेलमध्ये बसून पालकांना फोन लावणाऱ्या, घरी येणाऱ्या, पालक मेळावे भरवणाऱ्या सगळ्यांना आहे, आणि तुमच्या मागं उभं राहून "आज किती झाले" विचारणाऱ्या मॅनेजमेंटला पण.

पोरीचा बारावीचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी ती घरी पोचायच्या आधी तुमचा फोन पोचला. मी गाडीत, हातात तिकीट मशीन, पुढच्या सीटवर 75 च्या वरची एक आजी पिशवीत आधार कार्ड शोधतीय, मागून एकजण सुट्ट्यासाठी ओरडतोय, आणि कानात तुम्ही, "पालक बोलताय ना सर? अभिनंदन!" आता अभिनंदन कशाचं, पेपर आत्ता संपलाय, निकालाला अजून महिना-दीड महिना. म्हटलं ड्युटीवर आहे, नंतर करा, तर म्हणे फक्त दोन मिनिटं सर. त्या दोन मिनिटात माझ्या तीन स्टॉपची माणसं बिनतिकिटाची राहिली. पुढं लाईन चेकिंग लागलं असतं तर मेमो मला आला असता, तुम्हाला नाही.

तिथून सुरू झालं ते आजतागायत. एका आठवड्यात मी मोजले, 34 फोन. नंबर सगळे वेगवेगळे, साधे मोबाईलचे. एक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. 1909 ला डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत असं, टाकलेलं आहे, पण तुम्ही कंपनीच्या लाईनवरून करतच नाही, प्राध्यापकांच्या आणि पोरापोरींच्या खाजगी नंबरवरून करता, तिथं डीएनडी काय करणार. आणि पोरीचा नंबर, माझा नंबर, मार्क, हे तुमच्याकडं आलं कुठून? मी प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला "डेटाबेसमधून", जसं काय ते गावाचं नाव आहे. एक ताई खरं बोलली, म्हणाली काका आम्हाला एक्सेल शीट देतात, त्यात असतं. ती शीट कोण विकतं, क्लासवाले की अजून कोण, मला सिद्ध करता येणार नाही म्हणून मी कुणाचं नाव घेत नाही. पण 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, त्यात 18 वर्षाखालच्या मुलांचा डेटा वापरायचा तर आईबापाची संमती लागेल असं लिहिलंय, आणि बारावीची बरीच पोरं परीक्षेच्या वेळी 17 चीच असतात. माझी संमती कुणी कधी घेतली? कायदा राहू दे बाजूला, आमच्या गावात दुसऱ्याच्या पोरीची माहिती अशी वहीत लिहून ठेवणाऱ्याला लोक काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

बरं, फोन केला त्याचं पण एवढं नाही. पोरीला कॉलेज तर लागणारच आहे आणि मला माहिती पाहिजेच आहे. माझं दुखणं वेगळंय. 34 फोनमधून मला माहिती किती मिळाली म्हणाल तर अर्ध्या पोस्टकार्डावर मावेल.

आमच्याकडं वडाप असतं. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, खाजगी जीप, स्टँडच्या बाहेर उभी राहून माणसं भरते. वडापवाला ओरडत असतो, "चला निघालीच, दोनच सीट राहिल्यात, दोनच सीट." तुम्ही जाऊन बसता. पुढचा अर्धा तास तो "दोनच सीट" म्हणत राहतो आणि 14 माणसं कोंबून मग गाडी हलते. तुमच्यातला प्रत्येक जण मला म्हणाला, कॉम्प्युटरच्या दोनच सीट राहिल्यात सर, सीट धरायला आज टोकनचे पैसे भरा. एप्रिलमध्ये दोनच, मेमध्ये पण दोनच. अहो, कॅप म्हणजे सरकारची मेरिटवर सीट वाटायची प्रवेश प्रक्रिया, तिचा पहिला राऊंड व्हायचाय, मेरिट लिस्ट लागायचीय, सीट भरल्या कधी आणि राहिल्या कुठल्या? आणि तुमच्या हातात ज्या असतात त्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, त्या सुद्धा जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मेरिटनं भरायच्या असा नियम आहे. टोकन ज्यानं आधी भरलं त्याला, असं कुठंही लिहिलेलं नाही. फीच्या वर डोनेशन घ्यायला या राज्यात 1987 पासून कायद्यानं बंदी आहे, ते तर सोडाच.

मी तिकीट फाडणारा माणूस आहे, म्हणून मला एक गोष्ट कळत नाही. माझ्या तिकिटावर भाडं छापलेलं असतं. कुठून कुठं, किती टप्पे, किती पैसे. 25 जानेवारी 2025 ला एसटीचं भाडं 14.95 टक्के वाढलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मी रोज शिव्या खाल्ल्यात, पण माणसाला गाडीत बसवून घाटात गेल्यावर नाही सांगितलं की अजून काढा. तुम्हाला मी विचारतो सर एकूण खर्च किती, तर तुम्ही म्हणता "फीची काळजीच करू नका, कॉलेज बघायला या आधी." का? फी सांगायला आधी बिल्डिंग दाखवावी लागते का? शुल्क नियामक प्राधिकरणानं तुमच्या कॉलेजची फी ठरवून दिलेली असते, ती त्यांच्या साईटवर असते, मग फोनवर सांगायला काय जातं? आणि ती फी म्हणजे सगळा खर्च नव्हे हे पण सांगा की. होस्टेल, मेस, कॉलेजची बस, डिपॉझिट, युनिफॉर्म, "ट्रेनिंग प्रोग्राम"चे वेगळे पैसे जे दुसऱ्या वर्षाला अचानक उगवतात. आमच्या डेपोत ज्यांची पोरं शिकतायत त्यांना विचारलं तर प्रत्येकानं सांगितलं की फीचा अंदाज होता, वरच्यानं मारलं.

आता मुलींच्या फीचं. हे जरा नीट लिहितो कारण यात लई लोक फसतायत. तुमच्या प्रत्येक माणसाचं पहिलं वाक्य हेच असतं, "मुलींना शंभर टक्के फ्री आहे सर, सरकार भरतंय." 8 जुलै 2024 चा जीआर आहे, खरंय. पण त्यात काय काय आहे ते तुम्ही कधी सांगत नाही. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, म्हणजे डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस, बस यातलं काही नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना आहे आणि घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे. कॅपमधून प्रवेश पाहिजे, म्हणजे तुम्ही जी मॅनेजमेंट कोट्याची सीट मला "आजच्या आज" देत होता तिला हे लागूच नाही! आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत, तरी तसल्याच एका विद्यापीठाच्या माणसानं मला फोनवर बिनधास्त "फ्री" सांगितलं. मी जीआर वाचलाय म्हटल्यावर म्हणाला आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे सर. किती? या, मग बोलू.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. मी बेळगाव गाडीवर असताना प्रत्येक बाईला बसायच्या आधी सांगायचो, ताई, हद्दीपर्यंत अर्धं, पुढं पूर्ण पडेल. काही जणी चिडायच्या, काही उतरून पण गेल्या. तोट्याचं झालं म्हणून मी तोंड बंद ठेवलं नाही. अर्धं अर्धं म्हणून बसवून घ्यायचं आणि निपाणीला हात पुढं करायचा, असं करणाऱ्या कंडक्टरला लोक गाडीतच धरतील.

या सगळ्यापेक्षा जास्त राग कशाचा आला ते आता लिहितो. आमच्या डेपोतला एक ड्रायव्हर, माझा जोडीदार, त्याच्या पोराची 2025 ची गोष्ट. एका कॉलेजनं तालुक्याच्या गावात "मोफत कॅप फॉर्म मार्गदर्शन केंद्र" टाकलं. टेबल, दोन लॅपटॉप, चहा. बापाला काय कळतंय, गेला. तिथल्या पोरानं लॉगिन आयडी, पासवर्ड घेतला, ओटीपी विचारला, दहा मिनिटात ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरून दिला, प्रिंट हातात. पहिल्या नंबरला त्यांचं स्वतःचं कॉलेज. बाप म्हणाला हे खाली टाका, आम्हाला पुण्याचं, कराडचं बघायचंय, तर उत्तर आलं, "राहू दे हो काका, नाही आवडलं तर पुढच्या राऊंडला बदलता येतंय." आणि 2025 चा नियम काय होता? पहिल्या राऊंडला पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यायचंच, सीट फ्रीझ, पुढच्या राऊंडमधून बाहेर. दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीन पसंतीपैकी लागलं तरी तसंच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. राऊंड चार होते, पण पोराचा खेळ पहिल्यातच संपला, कारण त्या कॉलेजचा कटऑफ त्याच्या पर्सेंटाइलच्या कितीतरी खाली होता, ते लागणारच होतं. पोरानं दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला होता. त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाला त्याच्याच वर्गातला एक जण चांगल्या सरकारी कॉलेजात गेला, कारण त्याचा फॉर्म त्याच्या मावशीनं भरला होता, ज्या शाळेत क्लार्क आहेत आणि ज्यांनी माहितीपत्रक वाचलं होतं.

जोडीदार अजून पण गाडी चालवताना मध्येच तो विषय काढतो. पोरगा काही बोलत नाही म्हणे घरी.

हे केंद्र टाकणाऱ्यांना नियम माहीत नव्हता असं कुणी मला सांगू नये. नियम माहीत होता म्हणूनच पहिल्या नंबरला टाकलं. आणि हे वाचणाऱ्या आईबापांना पण सांगतो, जरी पत्र त्यांना नसलं तरी: लॉगिन, पासवर्ड, ओटीपी कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही. त्या वर्षीचा नियम काय आहे ते सीईटी सेलच्या साईटवर बघायचं, नसेल जमत तर पोराला सांगायचं मोठ्यानं वाचून दाखव. एटीएमचा पिन देता का चहावाल्याला?

मेळाव्याचं पण सांगतो. आम्ही दोघं एका पालक मेळाव्याला गेलो, हॉल मोठा, एसी, गुलाबाचं फूल, जेवण चांगलं होतं, खोटं का बोलू. दीड तास एक वक्ते एआयमुळं जग कसं बदलणार यावर बोलले. मग पॅकेजचे फोटो, एका पोराला एवढे लाख, दुसऱ्याला तेवढे. आमच्या हिनं हात वर केला आणि विचारलं, मुलींच्या होस्टेलला रात्री आत यायची वेळ किती, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, आणि वॉर्डन तिथंच राहते का. प्रश्न तिनं विचारला आणि मॅडमनी उत्तर माझ्याकडं बघून दिलं. ते पण काय, "आपलं कॅम्पस एकदम सेफ आहे सर." झालं. तिनं परत विचारलं, वेळ किती? तर म्हणे ते डिटेल्स नंतर शेअर करू. अहो, चार वर्षं पोरगी तिथं राहणार, तिच्या आईला हेच डिटेल पाहिजेत, एआय तिचं ती बघून घेईल. घरात पोरगी कुठं शिकणार हे माझ्यापेक्षा जास्त तिची आई ठरवणार आहे, आणि तुमच्या 34 फोनमधल्या एकानं सुद्धा "ताईंना द्या फोन" म्हटलं नाही. पोरीशी बोलू का म्हणून तर फक्त दोघांनी विचारलं. त्यातला एक तिला म्हणाला, "पप्पांना समजावून सांग, नंतर पश्चात्ताप होईल." बापाला पोरीच्या अंगावर घालायचं आणि पोरीला बापाच्या, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?

पॅकेजचा विषय निघालाच आहे तर एवढंच की सगळ्यात मोठं पॅकेज सांगू नका, मधलं सांगा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगला जी कॉलेजं माहिती देतात त्यांना नोकरी लागलेल्या पोरांचा मीडियन पगार आणि किती पोरं लागली हे भरून द्यावं लागतं आणि ती पीडीएफ त्यांच्याच साईटवर असते. मला हे पोरीनं शोधून दाखवलं. एका कॉलेजचं फ्लेक्सवरचं पॅकेज आणि त्या पीडीएफमधला आकडा बघून मी दोनदा चष्मा पुसला.

आता प्राध्यापकांबद्दल. रविवारी दुपारी एक सर घरी आले होते, 40 किलोमीटर टू-व्हीलरवर, एप्रिलचं ऊन, पीएचडी झालेला माणूस, शर्ट घामानं भिजलेला. हिनं ताक दिलं. त्यांनी ब्रोशर काढलं, पाठ केल्यासारखं बोलले, माझ्याकडं बघेनात. मी मध्येच विचारलं, सर तुम्हाला किती आणायला सांगितलेत? जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, सात. नाही झाले तर? पगार निम्मा, आणि तसा पण तीन महिन्याचा थकलेला आहेच. आमच्यात याला भारमान म्हणतात, गाडीत किती सीट भरल्या त्याचा हिशोब. गाडी रिकामी धावली की वरून विचारणा होते, पण मला कुणी गल्लीगल्लीत जाऊन माणसं उचलून आण म्हणत नाही. आणि पगार थकणं काय असतं ते आम्हा एसटीवाल्यांना शिकवायला नको, 2021-22 चा संप लोक विसरले असतील, आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हा त्या सरांवर माझा राग नाही. त्यांना पाठवणाऱ्या मॅनेजमेंटला विचारायचंय की मार्च ते जुलै हा माणूस दारोदार फिरणार असेल तर तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवतंय कोण? मी पालक म्हणून तेच बघणार ना? शिकवणारा माणूस माझ्या दारात बसलाय म्हणजे तो वर्गात नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जाहिरात झाली बघा, उलटी.

जाताना सर म्हणाले, पोरीचं पर्सेंटाइल चांगलं आलं तर आमच्याकडं नका पाठवू. हे वाक्य मी त्यांच्या विरोधात कुठं वापरणार नाही, म्हणून कॉलेज सांगत नाही, जिल्हा पण सांगत नाही.

सगळेच तसे असतात असं पण नाही. एका कॉलेजच्या मॅडमचा फोन रात्री पावणेनऊला आला, आधी मेसेज करून विचारलेलं की कधी करू. म्हणाल्या, आमच्याकडं मेकॅनिकलला लॅब चांगली आहे, कॉम्प्युटरला सध्या शिक्षक कमी आहेत, भरती चालू आहे. होस्टेल कॅम्पसच्या बाहेर आहे, चालत बारा मिनिटं, रस्त्यावर दिवे आहेत. मेस महिन्याला 3,500. फी किती, त्यातली माफीत बसणारी किती, खिशातून जाणारी किती, हे एका कागदावर हातानं लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकला. मराठीत. खाली लिहिलं होतं, कॅपच्या शेवटच्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर 1,000 रुपये कापून बाकीचे परत मिळतात, आणि मूळ सर्टिफिकेट आम्ही ठेवून घेत नाही. ठेवून घ्यायला एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, बंदीच आहे, पण ते आपणहून सांगणारं या पूर्ण सीझनमध्ये मला एकच माणूस भेटलं. तो कागद आम्ही प्रिंट काढून कपाटाला चिकटवलाय. पोरीच्या यादीत ते कॉलेज आहे. कितव्या नंबरला ते सांगणार नाही, निकाल लागू दे.

तेवढाच कागद मला बाकीच्यांकडून पाहिजे. गुळगुळीत ब्रोशर नको, घरात तीन किलो झालेत, हिनं डब्याखाली अंथरलेत. एक साधं पान, त्यावर चार वर्षांचा पूर्ण खर्च, माफीत काय बसतं काय नाही, कॅपची सीट की तुमची, रद्द केलं तर परत किती, त्या ब्रांचला शिकवायला कायमचे शिक्षक किती, आणि खाली कुणाची तरी सही. सही नसेल तर पाठवू नका.

आणि फोनची वेळ. या महिन्यात मला मुक्कामी गाडी आहे, मंगळवार-शुक्रवार मी घरी नसतो आणि त्या गावात रेंज पण नाही. तेव्हा माझ्या नंबरवर करूच नका, हिच्या नंबरवर करा, तो पण तुमच्या शीटमध्ये असेलच. रात्री साडेआठनंतर, भाकरी झाल्यावर. तिच्याकडं 200 पानी वही आहे, त्यात तुमच्या कॉलेजच्या नावानं एक पान आधीच पाडून ठेवलंय, पहिला प्रश्न होस्टेलच्या वेळेचाच आहे.

तुमचा,
तुमच्या शीटमधला एक पालक